पेशीतील जुने बिऱ्हाडकरू



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशीच त्यांची समजूत असणार. ज्याचे निम्मे आयुष्य गेटसभांत गेले त्याने सूक्ष्मजंतू आणि प्रथिने यांच्या इतिहासावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगणे प्राप्त आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या युनियनकडे एका यंत्रमाग कामगाराचे प्रकरण आले. माणूस चाळिशीच्या आतला, पण दोन्ही कान जवळजवळ गेलेले. मागाच्या खडखडाटात वीस वर्षे काढल्यावर कान जातात, हे आम्हांला नवीन नव्हते. आम्ही नुकसानभरपाई मागितली. मालकाच्या वकिलाने उत्तर दिले की, या इसमास क्षय झाला होता, त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली होती, आणि कान गेले ते इंजेक्शनांनी. मागाचा संबंध नाही. आम्हांला ही निव्वळ पळवाट वाटली. क्षयाच्या जंतूंवर सोडलेले औषध कानाला कशाला जाईल? आम्ही कानाच्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, मालक साफ खोटे बोलत नाही, आणि पुरते खरेही बोलत नाही. आवाजाने कान जातो, त्या औषधानेही जातो, आणि दोन्ही एकत्र आली तर जास्तच जातो. पण मला एक सांगा, याच्या आईच्या बाजूला कोणी बहिरे आहे का?"

आम्ही चौकशी केली. त्याच्या आईलाही तरुणपणी क्षय झाला होता, आणि इंजेक्शनांनंतर तीही बहिरी झाली होती. हे त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. बापाकडची चौकशी न करता बाईंनी आईकडचीच का केली, या एका प्रश्नापायी आम्ही पुढची काही वर्षे वाचीत राहिलो. त्या वाचनाचा गोषवारा आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ आपल्या स्वयंपाकघरातून करू. गोडा मसाला करताना गृहिणी त्यात दगडफूल घालतात. दगडफूल ही एक वनस्पती, असाच शंभर पिढ्यांचा समज होता. 1867 साली सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितले की, या वर्गातील वनस्पती म्हणजे एक जीव नसून दोन आहेत. बाहेर बुरशी आणि तिच्या जाळ्यात अडकलेले हिरवे शेवाळ. बुरशी ही मालकीण आणि शेवाळ हे तिचे गुलाम, अशी उपमा त्याने दिली. दगडफुलांचे अभ्यासक संतापले. ज्या जीवांच्या वर्गीकरणात त्यांनी हयात घालवली ते जीव मुळात जीवच नव्हेत असे कोणी सांगितले तर राग येणारच. पुढे 1878 साली जर्मनीच्या अँटोन द बारी याने अशा एकत्र राहण्याला सहजीवन या अर्थाचा शास्त्रीय शब्द दिला. त्यात मालकही नव्हता आणि गुलामही नव्हता. 1888 च्या सुमारास तूर, हरभरा यांसारख्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत जंतू राहतात आणि ते हवेतील नत्र पिकाला देतात हेही सिद्ध झाले. या गाठींतील जंतूंची आठवण ठेवावी. त्यांचे एक गोत्र पुढे आपल्याला भेटणार आहे.

याच काळात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवून पाहण्याचे तंत्र सुधारत होते. 1890 साली रिचर्ड आल्टमान याने पेशीत सर्वत्र पसरलेले बारीक कण पाहिले आणि हे कण म्हणजे पेशीत राहणारे स्वतंत्र मूलजीवच होत, जंतूंसारखे, असे लिहिले. लोकांनी त्याची थट्टा केली. पुष्कळांच्या मते ते कण म्हणजे रंगाचे डाग होते. 1898 साली कार्ल बेंडा याने त्या कणांना ग्रीक भाषेतील तंतू आणि कण हे शब्द जोडून मायटोकाँड्रिया हे नाव दिले. आपल्याकडे त्यांना तंतुकणिका म्हणतात. 1905 साली रशियातील मेरेश्कोव्स्की याने झाडांच्या पानांतील हिरवे कण हे एके काळचे स्वतंत्र जीव होत असा सिद्धांत मांडला. तंतुकणिकांविषयी तसाच दावा 1918 साली फ्रान्सच्या पॉल पोर्तिए याने केला. त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले ते ऑग्युस्त ल्युमिएर याने. चलच्चित्रपट जगाला देणाऱ्या दोन भावांपैकी हा एक. अमेरिकेत आयव्हन वॉलिन याने 1927 साली ग्रंथ लिहून हाच मुद्दा मांडला आणि आपण तंतुकणिका पेशीबाहेर वाढवून दाखविल्या असेही म्हटले.

येथे आपल्यासारख्या चळवळीतल्या माणसाला मोह होतो. एकटा माणूस खरे सांगतो आणि सगळे पंडित त्याला हसतात, अशी गोष्ट रंगवून सांगावी असे वाटते. पण ते न्यायाचे होणार नाही. पोर्तिए आणि वॉलिन यांचे प्रयोग कच्चे होते. तंतुकणिका पेशीबाहेर स्वतंत्रपणे वाढत नाहीत. काचेच्या नळीत जे वाढले ते बाहेरून शिरलेले जंतू असावेत, असा टीकाकारांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. निष्कर्ष बरोबर, पण पुरावा खोटा, अशी ही स्थिती. कामगार न्यायालयात उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, मागणी न्याय्य असली तरी खोट्या हजेरीपटावर ती टिकत नाही. उलट, ज्या पाखरातून बीज बाजूला ठेवावे तसे वागलेला एक मोठा माणूसही होता. अमेरिकेचा ई. बी. विल्सन याने 1925 साली आपल्या ग्रंथात या कल्पना शिष्ट मंडळींत बोलण्याजोग्या नाहीत असा शेरा मारला; मात्र पुढे कधीतरी त्यांचा गंभीरपणे विचार करावा लागेल अशी फटही त्याने ठेवली.

ती फट रुंदावली ती वेगळ्याच बाजूने. 1948-49 साली केनेडी आणि लेनिंजर यांनी दाखविले की, अन्नाचे प्राणवायूशी ज्वलन होऊन पेशीची ऊर्जा बांधली जाते ती तंतुकणिकांत. ही ऊर्जा ज्या रूपात फिरते त्याला एटीपी म्हणतात. आपल्या अंगात दिवसभरात तयार होऊन खर्च होणारा एटीपी साधारण आपल्या वजनाच्या घरात जातो, असा अंदाज आहे. 1952-53 साली पॅलेड आणि श्योस्ट्रांड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या कणांची रचना पाहिली. त्यांना दोन आवरणे असतात. बाहेरचे नितळ, आणि आतले आत वळून घड्या पडलेले. 1963 साली स्टॉकहोम येथे मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याने कोंबडीच्या गर्भातील तंतुकणिकांत डीएनए असल्याचे दाखविले. म्हणजे पेशीच्या केंद्रकात मुख्य दप्तर असताना या बिऱ्हाडकरूंनी स्वतःची एक वेगळी वही जपून ठेवली होती.

1967 साली लिन मार्ग्युलिस या तरुण अमेरिकन बाईंनी, तेव्हाच्या सेगन या नावाने, सर्व धागे एकत्र करून एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे पंधरा नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. त्यांचेही सर्वच बरोबर ठरले नाही. पेशीच्या हलत्या शेपट्याही जंतूंपासून आल्या हा त्यांचा दावा आजवर सिद्ध झालेला नाही. पण तंतुकणिकांविषयीचा मुद्दा तपासता येईल अशा रीतीने त्यांनी मांडला, हे त्यांचे श्रेय.

तपासणी झाली. 1975 साली जॉन आणि व्हॉटली यांनी दाखविले की, मातीत राहणाऱ्या पॅराकॉकस नावाच्या जंतूची श्वसनाची यंत्रणा तंतुकणिकेच्या यंत्रणेशी विलक्षण जुळते. 1981 साली केंब्रिजमध्ये माणसाच्या तंतुकणिकेची वही अक्षर न् अक्षर वाचली गेली. तिच्यात 16,569 अक्षरजोड्या आणि 37 जनुके निघाली. 1985 साली कार्ल वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुकणिकांच्या रायबोसोममधील आरएनए जंतूंच्या आरएनएशी ताडून पाहिला आणि गोत्र निश्चित केले. ते आज आल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या नावाने ओळखले जाते. हरभऱ्याच्या मुळांच्या गाठींतील जंतू याच गोत्राचे. प्रलापक ज्वराचा, म्हणजे टायफसचा, जंतूही याच गोत्राचा. अलीकडे 2018 साली उप्साला येथील संशोधकांनी असे सुचविले की, तंतुकणिकांचा पूर्वज या गोत्रातला नसून गोत्राच्या सख्ख्या शेजारची वेगळी शाखा असावा. हा वाद चालू आहे. पण पूर्वज जंतू होता याविषयी आता वाद उरलेला नाही. ही घटना सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वीची. ज्याच्या घरी हा जंतू शिरला तो यजमानही आर्किया या प्राचीन सूक्ष्मजीवांच्या कुळातला होता. त्याचे जवळचे नातलग 2015 साली उत्तर ध्रुवाकडील समुद्रतळाच्या गाळात सापडले.

आता मुख्य मुद्दा. घरात पूर्वी कोण राहत होते हे दारावरच्या पाटीवरून कळते, पण भिंती कोणी बांधल्या आणि चूल कोणाची हे पाहिल्यावाचून खात्री पटत नाही. तंतुकणिकेच्या भिंती आणि चूल म्हणजे तिची प्रथिने.

आधी चूल. एटीपी बांधणारे प्रथिन हे खरोखरीचे फिरते यंत्र आहे. आतल्या आवरणाच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण साचतात, आणि धरणाचे पाणी चक्रातून यावे तसे ते या यंत्रातून परत येतात. ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली. विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्यात प्रयोगशाळा काढणारा हा माणूस, 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1994 साली जॉन वॉकर यांच्या गटाने या यंत्राच्या मुख्य भागाचा आकार उकलला, तो बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांपासून. 1997 साली जपानी संशोधकांनी ते यंत्र फिरताना डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांनी घेतलेले प्रथिन होते उष्ण जागी राहणाऱ्या एका जंतूचे! आराखडा बैलाचा, प्रत्यक्ष फेरा जंतूचा, आणि दोन्ही एकमेकांशी जुळले. एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बेमालूम बसला तर दोन्ही यंत्रे एकाच साच्यातली, असे आपला फिटर म्हणेल.

आता भिंती. आतल्या आवरणाच्या घड्या जेथून आत वळतात तेथे एक अरुंद गळा असतो. 2011 साली तीन गटांनी तो गळा धरून ठेवणारा प्रथिनांचा संच शोधला. त्यातील मिक-60 हे प्रथिन काढून टाकले की, घड्या भिंतीपासून सुटतात आणि आतल्या आत ढिगासारख्या पडून राहतात. 2015 साली दिसून आले की, मिक-60 चा मूळ वंश त्याच आल्फा गोत्रातील जंतूंत आहे. आणि 2017 साली असे दाखविण्यात आले की, जंतूंचे मिक-60 देखील आवरणाला वाकविते. म्हणजे घडी घालण्याची ही कला बिऱ्हाडकरू येताना घेऊन आला.

बाहेरच्या आवरणाची गोष्टही अशीच. त्या आवरणात पिंपाच्या आकाराची प्रथिने बसविलेली असतात, आणि ती बसविणारा कारागीर म्हणजे सॅम-50 नावाचे प्रथिन. जंतूंच्या बाहेरच्या आवरणात तेच काम करणारा बॅम-ए हा त्याचाच भाऊ. 2009 साली जंतूंचे पिंपवजा प्रथिन यीस्टच्या पेशीत तयार करविले, तेव्हा यीस्टच्या तंतुकणिकांनी ते आपल्या भिंतीत नीट बसवून घेतले. इतक्या कोटी वर्षांनंतरही कारागिराला जुना माल ओळखू आला.

तंतुकणिका नव्याने बनत नाहीत. असलेल्या दुभंगून वाढतात, जंतूंप्रमाणेच. जंतू दुभंगताना एफटीएस-झेड नावाच्या प्रथिनाचे कडे मध्यभागी आवळले जाते. 2000 साली मेलबर्नच्या संशोधकांनी एका शैवालाच्या तंतुकणिकांत तेच कडे पाहिले. आपल्या, म्हणजे प्राण्यांच्या, तंतुकणिकांत मात्र ते नाही. तेथे यजमानाच्या डायनॅमिन घराण्यातील प्रथिन बाहेरून वेढा घालते आणि आवळते. जुना कामगार गेला आणि बदली कामगार कायम झाला.

हा बदल्यांचा भाग महत्त्वाचा आहे, आणि तो लपवून ठेवला तर आम्ही आपली फसवणूक केली असे होईल. माणसाच्या तंतुकणिकेत आजमितीस अकराशेच्या वर जातींची प्रथिने मोजली गेली आहेत. त्यांपैकी तिच्या स्वतःच्या वहीतून निघतात फक्त 13. बाकीच्या सर्वांची जनुके केंद्रकात आहेत. प्रथिने बाहेर बनतात आणि दारातून आत आणली जातात. त्यांतली काही जनुके मूळ जंतूचीच, वहीतून मुख्य दप्तरात वर्ग झालेली. पण सगळ्यांची वंशावळ लावली तर जंतूच्या पूर्वजापर्यंत निश्चितपणे पोहोचतात ती साधारण एक दशांश ते एक पंचमांश. बाकीची यजमानाने घातली, किंवा इतर जंतूंकडून आली. वहीची नक्कल करणारी प्रथिने तर जंतूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या वंशाची दिसतात. श्वसनसाखळीचे पहिले यंत्र घ्या. जंतूंत त्याचा गाभा 14 भागांचा असतो. सस्तन प्राण्यांत तोच गाभा शाबूत आहे, पण भोवती आणखी भाग चढून संख्या 45 झाली आहे. तेव्हा तंतुकणिका म्हणजे पेशीत राहणारा जंतू, हे वाक्य आता पुरते खरे नाही. गाभा जंतूचा, वाढीव बांधकाम दोघांचे.

आणि एक दार असे आहे की, त्याच्यापाशी आम्ही पुष्कळ दिवस थबकलो. तंतुकणिकेत तयार झालेला एटीपी बाहेर पेशीत नेणारे एक वाहक प्रथिन आहे. स्वतंत्र राहणाऱ्या जंतूंत ते नाही. कोणता स्वतंत्र जीव आपली कमाई दाराबाहेर टाकील? हे दार नंतर बसले, यजमानाच्या बाजूने. याच्या उलट, टायफसचा जंतू पेशीत शिरतो तेव्हा त्याच्यापाशी दुसऱ्याच घराण्यातला वाहक असतो, आणि तो पेशीचा एटीपी स्वतःकडे ओढून घेतो. हे 1976 साली विंकलर यांनी दाखविले. एकाच गोत्रातले दोन जंतू. एक घरातले लुटतो, दुसऱ्याची कमाई घर घेते.

आमच्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. श्रमिकाच्या उत्पन्नाला मालकाने दार पाडले, असे भाषण आमच्या ओठांवर आले होते. दुसऱ्या दिवशी वाटले, छे, हे तर सहकाराचे आदर्श उदाहरण आहे. एकमेकांवाचून कोणीच जगत नाही. दोन्ही भाषणे टाळ्या घेतील. परंतु श्वेंडेनरचे गुलाम आणि पुढच्यांचे सहकारी, दोघेही माणसांच्या जगातून उचललेले शब्द होते. पेशीत करार नाही, संप नाही, आणि कोणावर अन्याय झाला असे म्हणणारा कोणी नाही. निसर्ग मालकाच्या बाजूने साक्ष देत नाही, तशी आमच्या बाजूनेही देत नाही. बलिष्ठांनी जगावे हा निसर्गाचा कायदा आहे असे सांगून गरिबांना दटावणारे लोक होऊन गेले. त्यांना उत्तर देताना आपणही तीच चूक उलट बाजूने करू नये. पगार किती असावा हे आपल्यालाच ठरवावे लागते.

मग या ज्ञानाचा उपयोग काय? त्यासाठी पुन्हा त्या बहिऱ्या माणसाकडे जाऊ. तंतुकणिकेची वही आईकडूनच मुलांना मिळते. 1974 साली हे घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेल्या खेचरांवर पडताळून पाहण्यात आले. खेचराची वही आईच्या जातीची निघाली. स्ट्रेप्टोमायसिनच्या वर्गातील औषधे जंतूंच्या रायबोसोमला धरतात, म्हणून जंतू मरतो. आपल्या तंतुकणिकांचे रायबोसोम जंतूंच्याच वंशाचे, तरी कालांतराने इतके बदललेले की, औषध त्यांना सहसा तेवढे घट्ट धरत नाही. पण काही घराण्यांत त्या वहीतील 1555 व्या जागी एक अक्षर बदललेले असते. त्या एका अक्षराने रायबोसोमचा तो कोपरा पुन्हा जंतूसारखा होतो. औषधाला आपला जुना शत्रू दिसतो, आणि कानातील नाजूक पेशी मरतात. हे 1993 साली उघडकीस आले. डॉक्टरीणबाईंनी आईकडची चौकशी का केली ते आम्हांला त्या दिवशी उमगले.

प्रकरण तडजोडीने मिटले. मागितले त्याच्या निम्म्याहून कमी मिळाले. त्याच्या रक्ताची ती तपासणी कधी झालीच नाही, म्हणून त्याचे कान आवाजाने किती गेले आणि औषधाने किती, हे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण उभा खडखडाट वीस वर्षे होता, आणि कानात घालायला कोणी कापसाचा बोळाही दिला नव्हता, एवढे शपथेवर सांगू. कान मुळात नाजूक असेल तर त्याला अधिक जपावे लागते. त्यामुळे मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

निकालाच्या दिवशी त्याने पाटीवर लिहून आम्हांला विचारले होते, "माझ्या पोरीचे कसे?" त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. काही वर्षांनी, हे सारे वाचून झाल्यावर, आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याच पाटीवर लिहिले: ते अक्षर तुझ्यात असले तरी ते तुझ्याकडून पोरीकडे जात नाही; तिची वही तिच्या आईची. पण तुझ्या बहिणीच्या मुलांना सांगून ठेव. कधी असली इंजेक्शने लागली तर घेण्याआधी डॉक्टरांना घराण्याची हकीकत सांगावी. औषध आपल्या मनाने टाळू नये.

त्याने पाटी दोनदा वाचली, पुसली, आणि बहिणीच्या गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ तिच्यावर लिहून घेतली.